दुर्बीण घेताना आकड्याला भुलू नका

पावसाळा सरला की आमच्या मोखाड्याकडे रान पाहायला पाहुणे येतात, आणि मग घरोघरी दुर्बिणीचा विषय निघतो. पुरुषमंडळींना मोठ्या आकड्याचा भारी मोह! २०×५० दिसले की पाकीट उघडलेच. पण भगिनींनो, पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते तो. दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. वीस पटीत हाताचा कंपही वीस पट होतो, आणि नजरेचा टापू इतका आक्रसतो की पक्षी सापडेपर्यंत उडून जातो.

१९९७ साली शहाद्याजवळ ११३ वर्षांनी पुन्हा सापडलेला रानपिंगळा २०१४ मध्ये आमच्या शेजारच्या तानसा अभयारण्यातही दिसला. जेमतेम वीतभर पक्षी, करड्या फांदीवर करडाच. तो हेरायला स्थिर आणि उजळ चित्र हवे. त्यासाठी ८×४२ उत्तम. वजन सोसत नसेल तर ८×३२.

दुकानात दुर्बीण स्वतः डोळ्यांना लावून बघा. चष्मा असेल तर तो ठेवूनच, रबरी कडा खाली करून. आपला चेहरा लहान. दोन्ही नळ्या पुरेशा जवळ येऊन एकच गोल दिसला पाहिजे. नाहीतर पैसे घरखर्चातले आणि पक्षी फक्त 'ह्यांनी' पाहायचे!

इकडच्या दमट हवेत भिंगांना बुरशी धरते. जलरोधक असेल तीच घ्या आणि पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. भिंग पदराने मुळीच पुसू नये, धुळीने चरे पडतात. आधी मऊ ब्रशने धूळ झटकावी, मग चष्म्याचे कापड फिरवावे.