मेरेवरचे सांबर

शेताच्या सीमेला आमच्या घरच्या कोंकणी बोलीत ‘मेर’ म्हणतात. आमच्या सत्तरी तालुक्यात एका बाजूस कुळागर व दुसऱ्या बाजूस रान असे असल्यामुळे ही मेर माणसांनाच तेवढी ठाऊक असते. सांबराला वा भेकराला तिची दखल नसते. रात्री ते एकाच्या वायंगणात चरते आणि दुसऱ्याच्या पोफळींखाली विसावते. मग प्रश्न उपस्थित होतो, मेरेवर आलेले हे जनावर कोणाचे?

ज्याच्या जमिनीत शिकार पडे त्याच्याही घरी पूर्वी वाटा जात असे, असे वडीलधारी माणसे सांगत. तो त्या काळचा शेजारधर्म. आज परिस्थिती निराळी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये अशा शिकारीस मनाई आहे. फास लावणे, रान उठविणे, किंबहुना मारण्याचा नुसता प्रयत्न करणे, हीदेखील कायद्याच्या दृष्टीने शिकारच होय. मारलेले जनावर सरकारची मालमत्ता ठरते. पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली मिळू शकतो. तथापि तो बंदूक बाळगण्याचा परवाना आहे, सांबर मारण्याचा नव्हे.

काही वर्षांपूर्वी मेरेपलीकडून आमच्याही घरी केळीच्या पानात बांधलेला असा वाटा आला. आम्ही तो परत केला आणि गप्प राहिलो. शेजाऱ्याशी वाकडेपणा कशाला, असा आमचा विचार. त्याच पावसाळ्यात मेरेवर लावलेल्या तारेच्या फासात आमची पाडी अडकली आणि तिचा एक पाय कायमचा अधू झाला. शेजाऱ्याने हात जोडले. परंतु आम्हांला त्याच्यापेक्षा स्वतःचाच राग अधिक आला. मांसाचा वाटा आम्ही नाकारला होता खरा. अपराधातला आपला वाटा मात्र मौनाने उचलला होता.

शेतकऱ्याची हानी खोटी आहे, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. पोटरीस आलेले भात एका रात्रीत तुडविले जाते, तेव्हा त्याला भूतदयेचे पाठ देणे क्रूरपणाचे होईल. परंतु बंदुकीचे छरे मेर ओळखीत नाहीत आणि फास सांबर व वासरू यांत भेद करीत नाही. शिवाय, एकट्याने कुंपण घातले तर जनावर शेजाऱ्याच्या शेतात वळते एवढेच. म्हणून राखणही दोघांनी मिळूनच केली पाहिजे. आम्ही व आमचे शेजारी आता सामाईक खर्चाने कुंपण घालतो, माळ्यावर आळीपाळीने जागतो आणि नुकसान झाल्यास एकमेकांसाठी पंचनाम्याला उभे राहतो. सांबरे अजूनही येतात. थोडे पीक अजूनही जाते. परंतु रात्री कंदील घेऊन मेरेवर जाताना आता पायाखाली फास असेल अशी भीती वाटत नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्याही घरी कधी मेरेपलीकडून असे पान येईल. ते परत करणे सोपे आहे. परत करताना ‘का’ हे सांगणे कठीण आहे, आणि शेजारी या नात्याने तेच आपले कर्तव्य आहे.