पोटांतील जंतु आणि कर्करोगावरील नवी चिकित्सा

हरभऱ्याच्या मुळांवरील गांठींत जंतु राहतात व हवेंतील नत्र पिकास मिळवून देतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. मनुष्याच्या आंतड्यांतही असेच असंख्य जंतु वस्ती करून असतात. त्यांचा संबंध कर्करोगाच्या औषधापर्यंत पोहोंचतो, हें मात्र पुष्कळांस नवल वाटेल.

मेलॅनोमा हा त्वचेंतील रंगद्रव्य करणाऱ्या पेशींचा कर्करोग. गोऱ्या लोकांत अधिक, आपल्याकडे विरळा. त्यावरील 'इम्युनोथेरपी'चें औषध रोगास स्वतः मारीत नाहीं, तर शरीराच्या संरक्षक पेशींचा लगाम सैल करतें. ह्या शोधाबद्दल ॲलिसन व होंजो ह्यांस २०१८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु गुण सर्वांसच येत नाहीं.

असें कां? शिकागो येथील गाजेव्स्की ह्यांच्या प्रयोगशाळेंत एकाच जातीचे उंदीर दोन पुरवठादारांकडून आणले होते. एकांकडच्या उंदरांत गांठ सावकाश वाढे, दुसऱ्यांत झपाट्यानें. बीं एकच, जमीन निराळी! कांहीं काळ ते एका पिंजऱ्यांत ठेवतांच हा भेद नाहींसा झाला. कारण उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, व जंतु ह्याचे त्यास जातात. हा वृत्तांत २०१५ सालचा. पुढें २०२१ सालीं, औषध लागू न पडलेल्या रोग्यांस, गुण आलेल्या रोग्यांच्या विष्ठेंतील जंतु देऊन पुन्हां औषध दिलें. इस्राएलांत १० पैकीं ३ जणांच्या गांठी आटल्या. अमेरिकेंत पिट्सबर्ग येथें १५ पैकीं ६ जणांस लाभ झाला. किळस येणारानें शेणखत आठवावें.

त्याच वर्षीं ह्यूस्टनच्या संशोधकांनीं १२८ रोग्यांच्या आहाराची चौकशी प्रसिद्ध केली. रोज २० ग्रॅम वा अधिक चोथा पोटांत जाणारांचा रोग अधिक काळ आटोक्यांत राहिला. दुकानांतील 'प्रोबायोटिक' पुड्या घेणारांस मात्र विशेष लाभ दिसला नाहीं. उंदरांत तर त्यांनीं औषधाचें काम बिघडविलें.

आमचें मत येथें स्पष्ट सांगतों. हरभऱ्याचें जिवाणू संवर्धक आपण भुईमुगास लावीत नाहीं. मग पोटासाठींच जाहिरात पाहून पुडी कां घ्यावी? उपयुक्त जंतूंचीं नांवें प्रयोगशाळेगणिक निरनिराळीं निघालीं आहेत. कोणता पेरावा हें अद्याप ठरावयाचें आहे. ज्वारीची भाकरी व उसळ खुशाल खावी, पण तिच्या भरंवशावर उपचार सोडूं नये. घरांत असा रोगी असल्यास पुडी किंवा अँटिबायोटिक गोळी देण्यापूर्वीं कर्करोगाच्या डॉक्टरांस विचारावें.