माणूस ठेवण्यापूर्वीं

आमच्या एका वाचकभगिनीचें पत्र समोर आहे. त्यांच्या घरीं चार वर्षांपासून भाजणी, मेतकूट आणि मसाले यांचा लहानसा धंदा चालतो. आरंभीं शेजारच्या चार घरांपुरता असलेला हा व्याप आतां इतका वाढला आहे कीं, सासूबाई, दोघी जावा आणि कॉलेजांत जाणारी पुतणी यांच्या आठ हातांनीं तो उरकत नाहीं. दोन बायका कामास ठेवाव्या असें घरांत ठरलें आहे. "माणूस चांगलें कसें ओळखावें आणि त्यास काय द्यावें, एवढें कृपा करून लिहावें," अशी त्यांची विनंती आहे.

या दोन्ही प्रश्नांच्या आधीं एक तिसरा प्रश्न येतो, आणि तो घरच्या माणसांनीं स्वतःसच विचारावयाचा आहे. ज्या घरांत हें नवें माणूस पाऊल टाकणार, तेथें कामाची कांहीं रीत ठरलेली आहे काय? आमचें नम्र मत असें कीं, रीत ठरवून ती लिहून काढणें हें पहिलें काम, आणि माणूस शोधणें हें दुसरें. हें शहाणपण आम्हांस एका भल्या बाईस दुखवून मिळालें. म्हणून संकोच वाटत असतांहि ती हकीकत प्रथम सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या थोरल्या वहिनींनीं घरीं दिवाळीच्या फराळाच्या मागण्या घेण्यास प्रारंभ केला. पहिलीं दोन वर्षें घरच्या माणसांवरच निभावलें. तिसऱ्या वर्षीं चकलीच्या घाण्यापाशीं बसण्यास पन्नाशीच्या एक बाई आल्या. सारें घर त्यांना मावशी म्हणे. हात असा सफाईचा कीं, चकलीचा एक कांटा मोडत नसे. जमाखर्च आमच्याकडे होता. म्हणजे रात्रीं गल्ला मोजावयाचा आणि आंकडा वहींत मांडावयाचा. दिवसा त्याच गल्ल्यांतून भाजीवाल्यास, रिक्षावाल्यास, क्वचित् मुलांच्या खाऊसहि पैसे जात. कोणी लिहीत असे, कोणी नसे. घरचा पैसा आणि धंद्याचा पैसा एकाच पेटींत नांदत होता, आणि एकत्र कुटुंबांत असें चालावयाचेंच, असें आम्ही समजत होतों.

वसुबारसेच्या रात्रीं दोन हजार रुपये कमी भरले. कोणी कोणावर उघड आळ घेतला नाहीं. परंतु एरव्हीं फळीवर पडून असणारी पेटीची किल्ली दुसऱ्या दिवशीं वहिनींच्या कमरेला गेली. मावशी कोठीच्या खोलींतून तूप आणावयास उठल्या कीं, घरांतलें कोणी तरी उगीचच त्यांच्या मागें जाऊं लागलें. तोंडानें कोणी कांहींच बोललें नाहीं, आणि त्यामुळें मावशींना उत्तर देण्याचीहि सोय राहिली नाहीं. भाऊबीज होतांच त्या आपला हिशेब घेऊन गेल्या. चार दिवसांनीं आमच्या सदऱ्याच्या खिशांत पाण्याच्या मोटरीच्या दुरुस्तीची पावती सांपडली. रक्कम दोन हजार रुपये. वसुबारसेच्या दुपारीं मिस्त्री दारांत उभा होता म्हणून ते आम्हींच गल्ल्यांतून काढून दिले होते आणि लिहावयास विसरलों होतों.

त्याच संध्याकाळीं वहिनींसह आम्ही मावशींच्या घरीं गेलों. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें, चहा केला, आणि म्हणाल्या, "चूक कोणाची होत नाहीं, दादा? पण मला एकदां विचारायचं होतं." पुन्हां त्या कामास आल्या नाहींत.

आमच्या घरांत सद्भावाची उणीव नव्हती. नियम मात्र एकहि नव्हता. नियम नसला कीं संशयास मोकळें रान मिळतें, आणि तो नेहमीं दुबळ्या माणसाकडेच वळतो. घरच्या मुलाकडे पाहून जो प्रश्न मनांत येत नाहीं, तो परक्या बाईकडे पाहतांच येतो. नियम लावणें म्हणजे अविश्वास दाखविणें, अशी आपल्या घरांतून समजूत असते. वास्तविक लिहिलेल्या नियमाचा आधार मालकापेक्षां कामास येणाऱ्या माणसासच अधिक लागतो.

म्हणून आमच्या भगिनीनें एक दोनशें पानी वही आणावी, आणि एका संध्याकाळीं घरांतील सर्वांनीं एकत्र बसून तींत पुढील पांच गोष्टी लिहाव्या.

पहिली गोष्ट पैशाची. धंद्याची पेटी निराळी, बँकेंतील खातेंहि निराळें. हल्लीं बरेचसे पैसे मोबाइलवरून येतात. ते मुलाच्या किंवा दिरांच्या खात्यांत न जातां धंद्याच्याच खात्यांत जावे. घरासाठीं धंद्यांतून पैसे लागले तर घ्यावे, परंतु 'घरखर्चास उचल' असें लिहून घ्यावे. आधीं लिहावें, मग घ्यावें. आणि हें कलम घरांतील कर्त्या पुरुषासहि लागू असावें.

दुसरी गोष्ट हुकुमाची. एकत्र कुटुंबांत कामास आलेल्या माणसास पांच धनी असतात. सासूबाई म्हणतात भाजणी खमंग होऊं द्या, जाऊबाई म्हणतात गॅस मंद करा, काका म्हणतात आधीं माझी पिशवी बांधा. संध्याकाळीं काम राहिलें कीं दोष मात्र एकीचा. तेव्हां कामाची आज्ञा कोणी एकानेंच द्यावी, आणि इतरांस कांहीं सांगावयाचें असेल तर तें त्या एकापाशीं सांगावें. वडील माणसांस हें प्रथम जड जातें. त्यांना मानाचें काम म्हणून चव पाहण्याचा अधिकार द्यावा, म्हणजे रुसवा राहत नाहीं.

तिसरी गोष्ट मालाची. घरांतील बाईचा अंदाज तिच्या हातांत असतो; परक्या बाईस तो देतां येत नाहीं. म्हणून प्रत्येक पदार्थाचें माप ग्रॅममध्यें लिहावें, धान्य किती मिनिटें भाजावयाचें तें लिहावें, आणि घाणा बिघडला तर त्याचें काय करावयाचें तेंहि लिहावें. १९५९ च्या मार्च महिन्यांत मुंबईस गिरगांवांत सात जणींनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला; तोच पुढें लिज्जत पापडाचा उद्योग झाला. आरंभीं त्या कमी प्रतीचे पापड स्वस्त दरानें निराळे विकीत असत. त्यांना भांडवल देणाऱ्या छगनबापांनीं सल्ला दिला कीं, प्रत एकच ठेवावी, तींत तडजोड करूं नये, आणि हिशेब नीट ठेवावे. सात जणींच्या कामांतहि त्यांना असे नियम लागले, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे.

चौथी गोष्ट वेळ, सुटी आणि उचल यांची. काम किती वाजतां सुरू होऊन किती वाजतां संपतें, मध्यें विसावा किती, आठवड्याची सुटी कोणत्या वारीं, सणाच्या सुट्या कोणत्या, आजारीपणांत किती दिवसांचें वेतन मिळेल, दिवाळीच्या गर्दींत जादा थांबल्यास काय मिळेल, हें सर्व आधीं ठरावें. मुलांची फी किंवा दवाखाना यांसाठीं उचल मागितली जाईलच. ती किती द्यावी आणि कशी फेडून घ्यावी, याचाहि आंकडा असावा. आंकडा असला म्हणजे मागणाऱ्यास लाचार व्हावें लागत नाहीं आणि देणाऱ्यास उपकाराचा आव आणतां येत नाहीं.

पांचवी गोष्ट नाजूक आहे, आणि घरोघरीं तीच टाळली जाते. ती म्हणजे घरच्या बायकांच्या श्रमाची किंमत. समजा, दिवसास १० किलो भाजणी होते, आणि दोन बायकांस प्रत्येकीं ५०० रुपये रोज द्यावयाचा. म्हणजे किलोमागें १०० रुपये मजुरी पडली. आतांपर्यंत घरच्या जावांचे श्रम फुकट धरून किलोमागें ६० रुपये नफा दिसत असेल, तर माणसें येतांच तोच माल किलोमागें ४० रुपये तोट्यांत जाईल. मग घरांत म्हणावयाचें, माणसें परवडत नाहींत! वास्तविक धंदा प्रथमपासूनच दोघी जावांच्या कंबरेवर चालला होता. वहींत तें दिसत नव्हतें इतकेंच. म्हणून भाव ठरवितांना घरच्या प्रत्येकीचें वेतन धरावें, आणि तें तिच्या नांवें खरोखरच जमा करावें. जी सून आपल्या श्रमाचा मोबदला पाहते, ती परक्या बाईच्या मोबदल्याविषयीं कधीं घासाघीस करीत नाहीं, असा आमचा अनुभव आहे.

एवढें झालें म्हणजे माणूस शोधावें. येथें आमच्या वाचकांस एक गोष्ट स्पष्टपणें सांगणें आमचें कर्तव्य आहे. खाण्याच्या पदार्थांचें काम निघालें कीं आपल्या घरांतून पहिला प्रश्न आडनांवाचा होतो. कोणी तो उघड विचारतें, कोणी 'आपल्यांतली मिळाली तर बरें' अशा शब्दांत. ही गोष्ट न्यायाची नाहीं, आणि धंद्याच्याहि हिताची नाहीं. स्वच्छता डोळ्यांनीं दिसते. नखें कापलेलीं आहेत काय, केस बांधलेले आहेत काय, भांड्यास हात लावण्यापूर्वीं हात धुतले जातात काय, एवढें पाहावें. आणि हेंच नियम घरच्या मंडळींसहि लावावे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं औंध संस्थानांत कुंडलच्या माळावर कारखाना वसविला, तेव्हां त्यांच्याभोंवतीं जमलेल्या माणसांत मॅट्रिकची परीक्षा न उतरलेले होते, शाळा अर्ध्यावर सोडलेले होते, आणि रात्रीच्या राखणीचें काम तर पूर्वीं दरोडेखोर म्हणून ठरलेल्या माणसांवर सोंपविलें होतें. त्यांच्या हातीं दिलेली जबाबदारी त्यांनीं निभावली. एवढें धाडस आमच्या भगिनीनें करावें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु आडनांवापेक्षां हातचें काम पाहून माणूस निवडण्याची रीत मराठी उद्योगांत नवी नाहीं.

हातचें काम पाहावयाचें तर तीन दिवस करून पाहावें, आणि त्या तीन दिवसांचा पुरा रोज द्यावा, पुढें ठेवा अथवा न ठेवा. चौदा वर्षांखालील मुलास, तें आईबरोबर आलेलें असलें तरी, कामास लावूं नये. कायद्यानें तो गुन्हा आहे. येणाऱ्या बाईसहि प्रश्न विचारण्याची संधि द्यावी आणि वहींतले नियम तिला वाचून दाखवावे. ज्या नियमाशीं ती अडखळेल, तो पुन्हां तपासून पाहावा. पुष्कळदां चूक नियमांतच असते.

आतां 'काय द्यावें' याविषयीं. सरकारनें त्या त्या कामासाठीं ठरविलेल्या किमान वेतनाखालीं जाऊं नये. चहा, जेवण, दिवाळीचा डबा हें प्रेमानें द्यावें. वेतनांतून वजा करूं नये. २०१९ ची वेतनसंहिता नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आली आहे. तिच्याप्रमाणें महिन्याचें वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आंत मिळालें पाहिजे, आणि काम सुटल्यास राहिलेली रक्कम कामाच्या दोन दिवसांत चुकती झाली पाहिजे. खाद्यपदार्थांच्या धंद्यास २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालीं नोंदणी लागते. ती घरगुती म्हणून चुकत नाहीं. माणसें दहा झालीं कीं राज्य विमा योजना आणि वीस झालीं कीं भविष्यनिर्वाह निधि यांची तरतूद पाहावी लागते. स्त्रियांस कामाच्या जागीं होणाऱ्या उपद्रवाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहांहून कमी माणसें असलेल्या ठिकाणच्या स्त्रीलाहि जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागतां येते, हें तिला कामावर येण्याच्या पहिल्याच दिवशीं सांगून ठेवावें. घरांत पुरुषमाणसांचा वावर असतो, म्हणून तर अगत्यानें सांगावें.

एका कागदावर काम, वेळ, वेतन, सुटी आणि काम सोडावयाचें अथवा सोडवावयाचें झाल्यास किती दिवसांची सूचना द्यावयाची, एवढें लिहून दोघांनीं सह्या कराव्या. एक प्रत त्या बाईजवळ राहावी. तिला वाचतां येत नसेल तर तिच्या मुलाकडून किंवा मुलीकडून तो कागद तिच्यासमोर वाचून घ्यावा.

शेवटचें कलम कोणी लिहावयास धजत नाहीं. पण तें लिहिलें पाहिजे. कांहीं कमी भरलें, कांहीं फुटलें, कोणाविषयीं कुरकूर आली, तर काय करावयाचें? आमच्या घरच्या वहींत तें कलम असें आहे: हिशेब जुळला नाहीं तर प्रथम घरच्यांनीं आपापले खिसे आणि पावत्या पाहाव्या, तरीहि न जुळल्यास सर्वांस सर्वांसमक्ष विचारावें, आणि विचारल्यावांचून कोणाच्याहि मागें कोणी कोठीच्या खोलींत जाऊं नये.

आतां आमच्याकडे दोघी जणी कामास येतात. गेल्या दिवाळींत एकदां पांचशें रुपये कमी भरले. धाकट्या वहिनींनीं वही उघडून सर्वांत आधीं आमच्याकडेच पाहिलें. आम्हीं मुकाट्यानें खिसे उलटे करून दाखविले. त्या दिवशीं पैसे आमच्याकडे नव्हते. पुतण्याकडून एक नोंद राहिली होती, ती त्यानें सर्वांसमक्ष केली. चुलीपाशीं बसलेल्या दोघींनीं मान वर करूनहि पाहिलें नाहीं. मावशी असत्या तर त्यांनाहि पाहावें लागलें नसतें.