वर्गणी म्हणजे भीक नाही!
सौंदडकरांनो, स्पष्टच बोलतो. आपल्या भागातल्या पोट्ट्यांनी दहा-दहा मिनिटांची रॉक गाणी रेकॉर्ड केली. ड्रमखाली गाणाऱ्याचा आवाज दबला, म्हणून पुन्हा मिक्सिंग करून अल्बम काढायला 200-200 रुपये मागताहेत. चौकात लगेच सुरू: "भीक मांगून राह्यले!"

अरे बाप्पा, मंडईतल्या नाटकाचं तिकीट पडदा उघडायच्या आधीच काढतो ना आपण? 1976 चा 'मंथन' गुजरातच्या 5 लाख दूध उत्पादकांच्या दोन-दोन रुपयांतून झाला. इंग्लंडच्या मॅरिलियन बँडचा 2001 चा अल्बम 12 हजारांवर चाहत्यांच्या आगाऊ पैशांतून निघाला. ते काय भिकारी होते?

डीजेला हजाराची वर्गणी मुकाट्यानं देता, मग इथंच हात आखडता का? मी पैसे भरले. हिशेब हक्कानं मागा, टोमणे मारू नका. नाहीतर हे पोट्टेही उद्या नागपूर-पुण्याला जातील, अन् आपण म्हणू, गावात काही घडतच नाही!