आकडे आणायला संगणक, ताळा मात्र आपला

मार्च-एप्रिल आला की आपल्यापैकी अनेकांच्या घरी भारतातल्या गुंतवणुकीची फाइल टेबलावर येते. अमेरिकेबाहेरच्या सर्व खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलर्सच्या वर गेली असेल, तर 'एफबार' भरावा लागतो. मुदत १५ एप्रिल. ती हुकल्यास आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत मिळते. यात म्युच्युअल फंडही धरायचे असतात आणि द्यायचे असते ते वर्षातले सर्वाधिक मूल्य, वर्षअखेरचे नव्हे. एसआयपी चालू असेल तर युनिट्स दरमहा वाढतात, एनएव्ही रोज बदलते. स्टेटमेंटवरून नेमका आकडा कळत नसेल तर हाताने हिशेब करण्यात दोन रविवार सहज जातात.

म्हणून माझे मत असे, की संगणकाची थोडीफार ओळख असलेल्यांनी यासाठी छोटीशी स्क्रिप्ट लिहावी. भारतातील म्युच्युअल फंडांची संघटना 'ॲम्फी' सर्व योजनांची एनएव्ही आपल्या संकेतस्थळावर देते, मागील तारखांचीसुद्धा. रोजची फाइल साध्या मजकुराची असते: एका योजनेची एक ओळ, रकाने अर्धविरामाने वेगळे केलेले. पायथनच्या वीस-पंचवीस ओळींत ती फाइल आणणे, आपली योजना निवडणे आणि एनएव्हीला युनिट्सने गुणणे, एवढे काम होते. कॉलेजात जाणारी मुले हे एका दुपारी करून देतील.

मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. दोन वर्षांपूर्वी माझी स्क्रिप्ट योजना नावावरून शोधत होती. माझी योजना 'डायरेक्ट', पण तिने जवळजवळ त्याच नावाच्या 'रेग्युलर'ची ओळ उचलली. वितरकाचे कमिशन खर्चात जात असल्याने रेग्युलरची एनएव्ही कमी असते. आकडा दिसायला अगदी बरोबर, त्यामुळे संशयच आला नाही. फॉर्म गेल्यावर चूक कळली आणि दुरुस्त फॉर्म पुन्हा भरावा लागला. तेव्हापासून मी नावाऐवजी 'आयएनएफ'ने सुरू होणारा १२ अक्षरी आयसिन क्रमांक वापरतो, आणि प्रत्येक योजनेचा निदान एक आकडा स्टेटमेंटशी ताडून पाहतो. ओळ सापडली नाही, तर स्क्रिप्टने शून्य धरून पुढे न जाता थांबून तसे सांगितले पाहिजे.

आणखी एक. हे सारे जाहीर आकड्यांपुरतेच करावे. बँकेचा पासवर्ड स्क्रिप्टमध्ये कधीही लिहू नये. खात्याचे स्टेटमेंट स्वतः उतरवून घ्यावे. संकेतस्थळाचे नियम वाचावेत, आणि एकदा आणलेली फाइल जपून ठेवावी, म्हणजे त्यांच्या संगणकावर पुन्हा पुन्हा भार पडत नाही. रुपयांचे डॉलर करताना अमेरिकन ट्रेझरीने दिलेला ३१ डिसेंबरचा दर घ्यावा.

याच फंडांसाठी लागणाऱ्या फॉर्म ८६२१ चे प्रकरण अधिक किचकट आहे. तिथे सीपीएचा सल्ला घ्यावाच. पण त्यांच्याकडे जातानाही आपले आकडे तपासलेले असले, तर त्यांचा वेळ वाचेल आणि आपली फीही. शेवटी फॉर्मवर सही आपलीच असते.