खगोलशास्त्राचा पहिला धडा कोठे द्यावा?

चेन्नईच्या दक्षिण भागातील गिंडी येथे रात्री एखाद्या मोकळ्या जागी उत्तरेकडे तोंड करून उभे राहावे, हात ताठ लांबवून मूठ क्षितिजावर टेकवावी. त्या मुठीच्या किंचित वर ध्रुवतारा सापडावयास हवा. ताठ हाताची मूठ सुमारे १० अंश व्यापते, गिंडीचा अक्षांश सुमारे १३ आहे, आणि ध्रुवताऱ्याचे उन्नतांश स्थळाच्या अक्षांशाइतकेच जवळजवळ असतात. मुंबईस तोच तारा सुमारे दोन मुठी उंचीवर दिसतो. हा नियम फळ्यावर आकृती काढून दहा मिनिटांत शिकविता येतो आणि परीक्षा संपताच तितक्याच त्वरेने विसरला जातो. ज्याने तो स्वतःच्या मुठीने मोजला, तो सहसा विसरत नाही. महाविद्यालयातील खगोलशास्त्राचा प्रारंभ वर्गात न होता गच्चीवर व्हावा, असे माझे मत आहे ते यासाठी.

गिंडीचे नाव येथे केवळ उदाहरणादाखल घेतलेले नाही. तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयाचे मूळ १७९४ साली मद्रासेत निघालेल्या सर्वेक्षणशाळेत आहे. ती शाळा मायकेल टॉपिंग या कंपनी सरकारच्या ज्योतिर्विदाने काढली. दोनच वर्षे आधी, १७९२ साली, नुंगंबाक्कम येथे मद्रासची वेधशाळा उभी राहिली होती. गिंडीनजीकच्या सेंट थॉमस टेकडीपासून विल्यम लॅम्टन याने १८०२ साली आपली आधाररेषा मोजावयास घेतली, आणि तिच्यावरच पुढे सबंध हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची उभारणी झाली. मद्रास वेधशाळेच्या रेखांशावरून ठरलेली वेळ देशातील आगगाड्या १९०६ च्या आरंभी भारतीय प्रमाणवेळ येईपर्यंत पाळीत होत्या. या सर्वांना गणित हवे होते, भरपूर हवे होते. परंतु गणितात घालावयाचा पहिला आकडा आकाशातूनच आणावा लागे. आज आपण विद्यार्थ्यास उलट क्रमाने चालवितो. गोलीय त्रिकोणमितीची सूत्रे प्रथम. तारा दिसला तर नंतर, आणि पुष्कळदा तो दिसतच नाही.

याच वेधशाळेतील चिंतामणी रघुनाथाचारी यांची आठवण मराठी वाचकास फारशी नाही. १८६७ साली त्यांनी रेटिक्युलम या दक्षिणेकडील लहानशा तारकासमूहात एक रूपविकारी तारा शोधून काढला. तो तारा विषुववृत्ताच्या ६३ अंश दक्षिणेस आहे. मद्रासेतही तो क्षितिजावर जेमतेम १४ अंश चढतो. १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणाच्या निमित्ताने त्यांनी सामान्य जनांसाठी पुस्तिका लिहिली, तीही केवळ इंग्रजीत नव्हे, कन्नड व उर्दूतही. आमच्यासारख्या भाषांतरकारांचे ते पूर्वसूरीच म्हणावयाचे.

भाषांतरकारांचा विषय निघालाच आहे, तर एक कबुली देतो. ‘याम्योत्तर वृत्त’ हा शब्द मी कित्येक वर्षे बिनचूक योजीत आलो. याम्य म्हणजे यमाची दिशा, दक्षिण. ही व्युत्पत्तीही मुखोद्गत होती. परंतु फेब्रुवारीतील एका रात्री नऊच्या सुमारास अगस्त्याचा तारा दक्षिणेस आपल्या सर्वोच्च स्थानी पोहोचून मग हळूहळू पश्चिमेकडे कलू लागलेला पाहिला, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ मला प्रथम कळला. शब्द शुद्ध असून अर्थ रिकामा असणे, हा दोष भाषांतरकाराइतकाच विद्यार्थ्यासही जडतो, आणि उत्तरपत्रिकेत तो पकडता येत नाही.

यावरील आक्षेप मला ठाऊक आहेत. गिंडीच्या आकाशात दिव्यांचा इतका उजेड आहे की आकाशगंगा तेथे दिसणे कठीण. हे खरे, पण चंद्र, ग्रह आणि ठळक तारे दिसतात, आणि पहिल्या सत्रास तेवढे पुरेत. एखादा तारा समोरच्या इमारतीमागे कोणत्या वेळी जातो हे आठवडाभर नोंदविले, तर तो दररोज सुमारे चार मिनिटे आधी जातो असे आढळते. वर्ष म्हणजे काय, हे त्या चार मिनिटांत आहे. दुसरा आक्षेप पावसाचा, आणि तो अधिक गंभीर आहे. महाराष्ट्रात महाविद्यालये उघडतात ती नेमकी मेघांच्या ऋतूत. चेन्नईस ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस. यावर उपाय एकच, ढगांतून ऊन पडेल तेव्हा काठीची सावली मोजणे. चेन्नईस एप्रिलच्या अखेरच्या आठवड्यात व पुन्हा ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य मध्यान्ही अगदी माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. गिंडीजवळ कोट्टूरपुरम येथे तारांगण आहे, मग गच्ची कशाला, असेही कोणी विचारील. तारांगण वर्षाचे आकाश काही मिनिटांत फिरवून दाखविते. तो त्याचा गुण आहे. मात्र वाट पाहणे तेथे शिकता येत नाही.

माझी सूचना साधी आहे. जानेवारीत पुण्याच्या व गिंडीच्या विद्यार्थ्यांनी एकाच दिवशी मध्यान्हीच्या सूर्याचे उन्नतांश काठीच्या सावलीवरून काढावेत आणि ते परस्परांस कळवावेत. फरक सुमारे साडेपाच अंश यावा. दोन्ही गावांतील दक्षिणोत्तर अंतर नकाशावर सुमारे ६१० किलोमीटर भरते. त्यावरून पृथ्वीचा परिघ ४०,००० किलोमीटरांच्या जवळपास निघतो. मोजणीत अर्ध्या अंशाची चूक झाली, तर उत्तर तीन-चार हजार किलोमीटरांनी बिघडेल. ते बिघडू द्यावे, आणि का बिघडले हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे. निरीक्षणवहीस गुण ठेवावेत, ते उत्तरास नव्हेत, नोंदींस. काठी ओळंब्याने सरळ उभी करावी, आणि घड्याळात बारा वाजले म्हणजे मध्यान्ह झाली असे समजू नये. प्रमाणवेळेच्या मानाने गिंडीची मध्यान्ह सरासरीने सुमारे ९ मिनिटांनी व पुण्याची सुमारे ३५ मिनिटांनी उशिरा होते, आणि त्यातही वर्षभरात पाव तासापर्यंत मागेपुढे होते. म्हणून साडेअकरापासून एक वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करीत जावे, आणि त्यांतील सर्वांत आखूड सावली घ्यावी.