खुर्ची बदलावी की दिशा?

एखादा धंदा बसू लागला की त्या धंद्यातल्या माणसाला सल्ला देणाऱ्यांची वाण पडत नाही. टांगा गेला तर रिक्षा घ्या, टंकयंत्र गेले तर संगणक शिका; म्हणजे बैठक तीच ठेवा, फक्त समोरचे यंत्र बदला. याच चालीवर अलीकडे आणखी एक सल्ला ऐकू येतो. मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनचे काम सुटले ना, मग मेडिकल कोडिंग करा! सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. परंतु मला तो पटत नाही, आणि का पटत नाही हे वार्षिकांकाच्या वाचकांपुढे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम थोडे स्वतःविषयी. वर्गातील मैत्रिणी मला ‘ताई’ म्हणतात, कारण मी त्यांच्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठी आहे. बारावी कला झाल्यावर मी ट्रान्स्क्रिप्शनचे शिक्षण घेतले, काही वर्षे पुण्यात एका कंपनीत नोकरी केली आणि लग्नानंतर संगमनेरात घरी बसून तेच काम केले. अकरा वर्षांनी काम थांबले तेव्हा पदवी घ्यावी म्हणून महाविद्यालयाची पायरी चढले. आज मी तेहतीस वर्षांची आहे आणि पुढचा रस्ता मला याच वर्षी निवडायचा आहे. त्यामुळे खालील विचार माझ्यापुरते तरी केवळ वादासाठी केलेले नाहीत.

हे काम कोणते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अमेरिकेतील डॉक्टर रुग्णाला तपासल्यावर त्याची हकीकत, निदान, शस्त्रक्रिया, औषधे हे सारे तोंडी सांगून ध्वनिमुद्रित करतो. ती फाइल इकडे येते. कानाला हेडफोन लावून, पायाखालच्या पेडलने आवाज पुढेमागे करत आम्ही तो मजकूर टंकायचा. तिकडचा डॉक्टर सकाळी दवाखान्यात येईपर्यंत कागद तयार! मोबदला ओळीवर, मोकळ्या जागांसकट ६५ अक्षरांची एक ओळ धरण्याची प्रथा होती. हायपरटेन्शन आणि हायपोटेन्शन, म्हणजे वाढलेला रक्तदाब आणि उतरलेला रक्तदाब, यांत कानाला अर्ध्या अक्षराचा फरक. डिस्फेजिया म्हणजे गिळण्याचा त्रास आणि डिस्फेशिया म्हणजे बोलण्याचा. या कामात एक नियम फार कडक असे. शब्द नीट ऐकू आला नाही तर तो तर्काने भरायचा नाही. तेथे कोरी जागा सोडायची आणि खूण करून वरिष्ठांकडे पाठवायचे. या नियमाकडे मी पुढे पुन्हा वळणार आहे.

धंदा बसला तो एका दिवसात नव्हे. १९९० नंतरच्या दशकात हे काम भारतात येऊ लागले आणि पुढे गावोगावी त्याचे वर्ग निघाले. २००९ साली अमेरिकन सरकारने संगणकीय रुग्णनोंदी ठेवणाऱ्या डॉक्टरांना अनुदान देणारा कायदा केला. तेव्हापासून डॉक्टर स्वतःच पडद्यावरचे ठरावीक रकाने भरू लागले. मग यंत्र बोलणे ऐकून कच्चा मजकूर तयार करू लागले आणि आमच्याकडे तो दुरुस्त करण्याचे काम उरले. माझ्या कंपनीत त्या कामाचा दर निम्मा होता. कष्ट मात्र निम्मे नव्हते. पुढची पायरी म्हणजे डॉक्टर व रुग्ण यांचे संभाषण ऐकून परस्पर टिपण लिहिणारे यंत्र. या यंत्रांत अग्रेसर असलेली न्युअन्स कंपनी मायक्रोसॉफ्टने सुमारे १,९७० कोटी डॉलरना घेतली आणि तो व्यवहार मार्च २०२२ मध्ये पुरा झाला. एवढा पैसा ज्या दिशेने वाहतो त्या दिशेला ओळीवर मजुरी घेणाऱ्या बाईने आडवे उभे राहून काय होणार?

उक्त्या कामाची ओळख संगमनेरकरांना नव्याने करून द्यायला नको. या गावातील कितीतरी घरांच्या चुली विड्यांवर पेटल्या. हजार विड्यांमागे मजुरी, आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांवर पाणी सोडायचे. आमचेही तसेच, ओळीमागे मजुरी आणि चुकीमागे कपात. परंतु विडी कामगारांच्या बाबतीत एक गोष्ट घडली. संघटना झाल्या, १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधीचा कायदा झाला, आणि घरी बसून विड्या वळणारी बाईसुद्धा ‘कामगार’ म्हणून ओळखली गेली. संगणकापुढे बसून ओळी टंकणारी माझ्यासारखी स्त्री मात्र काम थांबल्यावर कोणाच्याच वहीत नव्हती. एका इमेलवर अकरा वर्षांचा हिशेब मिटला.

आता कोडिंगकडे वळू. रुग्णाच्या कागदपत्रांवरून प्रत्येक आजाराला व उपचाराला सांकेतिक क्रमांक देणे, म्हणजे कोडिंग. अमेरिकेतील विम्याचे पैसे या क्रमांकांवर मिळतात. १ ऑक्टोबर २०१५ पासून तेथे नवी आवृत्ती लागू झाली आणि निदानाच्या क्रमांकांची संख्या सुमारे चौदा हजारांवरून सत्तर हजारांच्या आसपास गेली. साहजिकच माणसांची गरज वाढली आणि भारतात हजारो तरुणांना काम मिळाले. हे काम कमी प्रतीचे आहे असे मी म्हणत नाही. शरीरशास्त्राची शब्दावली आम्हांला आधीच पाठ असल्याने ते लवकर शिकताही येते. पण नीट पाहिले तर काय दिसते? मालक तोच, देश तोच, पडदा तोच, आणि लिहिलेला मजकूर वाचून ठरावीक नियमांनी त्याचे वर्गीकरण करण्याचे कामही यंत्राला शिकवता येण्याजोगेच. ज्या पुराने एक घर नेले त्याच नदीच्या काठावर दुसरे बांधण्यासारखे हे आहे. प्रवरेकाठच्या माणसांना हे अधिक समजावून सांगायला नको.

मग आम्ही या अकरा वर्षांत मिळवले काय? माझ्या मते टंकलेखनाचा वेग ही त्यातली सर्वांत क्षुल्लक कमाई. खरी कमाई दोन प्रकारची आहे. पहिली, आजाराची भाषा कळते. माझ्या आळीतील लोक डिस्चार्ज कार्ड घेऊन माझ्याकडे येतात. कार्ड इंग्रजीत, रुग्ण मराठीत! ‘बीडी’ म्हणजे दिवसातून दोनदा, ‘टीडीएस’ म्हणजे तीनदा, हेही कित्येकांना कोणी सांगितलेले नसते. अकोले तालुक्याच्या डांगाणातून उपचारांसाठी संगमनेरला येणारा म्हातारा ‘पोटात कालवतंय’ म्हणतो तेव्हा त्याला नेमके काय होते आहे, हे विचारून घेणारे माणूस लागते. दुसरी कमाई म्हणजे तो कोऱ्या जागेचा नियम. जे कळले नाही ते कळले नाही म्हणून सांगण्याची सवय. बोलणे ऐकून लिहिणाऱ्या एका प्रसिद्ध यंत्रप्रणालीविषयीचा अभ्यास २०२४ साली प्रकाशित झाला. त्यात सुमारे एक टक्का ध्वनिफितींच्या लेखनात, कोणी उच्चारलेच नव्हते असे शब्द व वाक्ये यंत्राने घुसडलेली आढळली. शंभरांत एक, म्हणजे थोडेच, असे कोणी म्हणेल. तो एक आपला बाप असेल तर?

या दोन्ही गुणांची किंमत रुग्ण जेथे समोर आहे तेथे सर्वांत जास्त. म्हणून माझे सांगणे एवढेच, की ट्रान्स्क्रिप्शन सोडणाऱ्याने पुढचे काम निवडताना दोन कसोट्या लावाव्यात. ते काम मला रुग्णाच्या जवळ नेते का? आणि त्या कामाला कायद्याने मान्य केलेले शिक्षण व नोंदणी आहे का?

या कसोट्यांवर कलाशाखेच्या विद्यार्थ्याला काय मिळते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. कारण जाहिराती ते सांगत नाहीत. प्रयोगशाळा तंत्रज्ञ, औषधनिर्माण, भौतिकोपचार ही दारे बारावीला विज्ञान नसलेल्यांना बंद आहेत. परिचारिकेच्या जीएनएम या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला मात्र कलाशाखेची बारावी चालते. इंग्रजी विषय व ठरावीक गुण लागतात, आणि वयाची मर्यादा पस्तीस आहे. पूर्ण केल्यावर परिचर्या परिषदेत नोंदणी होते, आणि ती जन्मभर उपयोगी पडते. विशीतल्या मुलीने पहिला विचार याचाच करावा. शेजारी लोणीला प्रवरेचे वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासून आहे आणि त्याच परिसरात परिचर्येचेही शिक्षण मिळते. फार लांब जायला नको.

दुसरी वाट समाजकार्याची. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला दोन वर्षांत एमएसडब्ल्यू करता येते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली भारतातील पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली, तेव्हापासून ही परंपरा आपल्याकडे आहे. सरकारी रुग्णालयांत या पदाला समाजसेवा अधीक्षक म्हणतात. रुग्णाला पैशाची मदत मिळवून देणे, नातेवाइकांना आजार समजावणे, बेवारस रुग्णाचे घर शोधणे, हे त्यांचे काम. मानसशास्त्र घेतलेल्यांनी १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या सेवेकडे पाहावे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते, आणि पलीकडे समुपदेशक असतो. हेडफोन तेथेही आहे. पण ऐकू येणारा माणूस उत्तराची वाट पाहत असतो, हा फरक.

तिसरी वाट लहान आहे, परंतु गरजवंताला लगेच उपयोगी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्र असतो. खासगी रुग्णालयांत विम्याचे कागद पाहणारे व रुग्णनोंदी सांभाळणारे लोक लागतात. रुग्णाने मागितल्यास ७२ तासांच्या आत नोंदी द्याव्यात, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा २००२ पासूनचा नियम आहे. तो पाळायचा तर नोंदी नीट ठेवणारा माणूस नको का? या नोकऱ्या बहुधा कंत्राटी आणि पगार बेताचा, हेही येथेच सांगून टाकते.

नोंदणीवर मी एवढा भर का देते? २०२१ साली संसदेने सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यातील व्यवसायांच्या यादीत रुग्णनोंदींचे व्यवस्थापन आहे, कोडिंग आहे आणि चक्क मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनिस्टही आहे! जो धंदा मावळत होता त्याला कायद्याने नाव दिले. दैवाची थट्टा म्हणावी, पण त्यातून एक बोध घेता येतो. कोणत्याही खासगी वर्गाचे चकचकीत प्रमाणपत्र घेण्यापूर्वी, या अभ्यासक्रमाला कोणत्या परिषदेची मान्यता आहे, हा एक प्रश्न विचारावा. उत्तर टोलवले गेले तर पैसे खिशातच ठेवावेत.

यावर आक्षेप येणार हे मी जाणते. ‘ताई, तीन वर्षे शिकायचे तर घर कोण चालवणार? कोडिंग सहा महिन्यांत होते, घरी बसून करता येते.’ आक्षेप खरा आहे. लहान मूल, आजारी सासू, नवऱ्याची हंगामी नोकरी, हे सारे सांभाळून शिकणाऱ्या बाईला ‘ध्येय ठेवा’ म्हणून सांगणे सोपे असते. अशा वेळी कोडिंग अवश्य करावे. मात्र ओढ्यावरच्या साकवासारखे. त्यावरून पलीकडे जायचे असते, तेथे बिऱ्हाड करायचे नसते. त्या कमाईतून शिक्षणाचे पैसे बाजूला काढावेत आणि पस्तिशीची मर्यादा डोळ्यांपुढे ठेवावी.

‘कलाशाखेच्या माणसाचे दवाखान्यात काय काम?’ असे विचारणाऱ्यांना आपल्याच जिल्ह्याचे दुसरे टोक दाखवावेसे वाटते. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. त्यांनी खेड्यातल्या बायकांना, त्यांतल्या कित्येक निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून तयार केले. बाळंतपण, बालकांचे पोषण, कुष्ठरोग, क्षय यांवर त्या बायकांनी गावात काम केले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि देशोदेशीचे लोक ते काम पाहायला जामखेडला आले. त्या बायकांजवळ पदवी नव्हती. गावाची भाषा आणि गावाचा विश्वास मात्र होता. आपल्याजवळ यांतले पहिले तरी आहेच.

प्राध्यापकवर्गाला एक नम्र विनंती. महाविद्यालयात बँक, पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षांवर मार्गदर्शन होते, ते व्हायलाच हवे. वर्षातून एक दिवस घुलेवाडीच्या ग्रामीण रुग्णालयातील परिचारिकेला, एखाद्या समाजसेवा अधीक्षकाला आणि आरोग्यमित्राला व्यासपीठावर बोलवावे. कोणते दार कोणाला उघडे आणि कोणाला बंद, हे मुलामुलींना बारावीचा विषय निवडतानाच कळले, तर पुढे तिशीत त्यांना भिंतीला डोके आपटावे लागणार नाही.

माझ्यापुरते मी ठरवले आहे. पदवीचा निकाल लागला की समाजकार्याच्या प्रवेशासाठी अर्ज करणार. दोन वर्षे ओढाताणीची जातील, हे घरात बोलून झाले आहे. ज्या वर्गभगिनी आज कोठल्यातरी वर्गाचे माहितीपत्रक हातात घेऊन बसल्या असतील, त्यांना एवढेच सांगते: पगाराचा आकडा वाचून झाला की त्या कामात दिवसाकाठी किती माणसांशी बोलावे लागेल, तेही विचारा. आकडा मोठा आणि माणसे शून्य असतील, तर जरा थांबा.

— तृतीय वर्ष, कला